नॉर्थ डकोटाच्या ५३ काउंट्यांतील पात्र मतदार कसे मोजावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्थ डकोटा या अमेरिकी राज्याच्या ५३ काउंट्यांसाठी (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) आपण २०२० च्या जनगणनेतील १८ वर्षे व त्यावरील लोकसंख्या घेतली, त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीतील मतांना तिने भागले आणि आलेल्या टक्केवारीवरून काउंट्यांची क्रमवारी लावली. वृद्धांची वस्ती असलेल्या लहान शेतकी काउंट्या वर आल्या, तर तेलपट्टा आणि मूलनिवासींचे राखीव प्रदेश तळाशी गेले. ही क्रमवारी खरी मानावी का, आणि ‘पात्र मतदार’ या शब्दाखाली नेमका कोणता आकडा धरावा, असे आपण विचारले आहे.

आपला अंश, म्हणजे पडलेली मते, ठीक आहे. छेद, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागले ती, कच्चा आहे. राज्याची एकूण टक्केवारी काढायची असती तर हा कच्चेपणा फारसा जाणवला नसता, परंतु काउंटीच्या पातळीवर तो इतका असमान पसरलेला आहे की काही ठिकाणी आपली टक्केवारी जवळजवळ अचूक आहे आणि काही ठिकाणी ती दहा अंकांनीही चुकलेली असू शकते. कोठे किती चुकते आणि ते का, हे समजून घेतल्याखेरीज क्रमवारीला हात लावू नये, असे माझे अनेक वर्षे हे आकडे हाताळल्यानंतरचे मत आहे.

प्रथम या राज्याचे वेगळेपण. आपल्याकडे मतदानाची टक्केवारी म्हटली की छेदस्थानी मतदार यादीतील नावांची संख्या असते. आयोग यादी तयार करतो, वर्षातील ठरावीक अर्हता दिनांकांना १८ वर्षे पूर्ण करणाऱ्यांची नावे तीत घालतो, आणि पडलेली मते भागिले यादीतील मतदार हा हिशेब कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतही बहुतेक राज्यांत निदान नोंदणीकृत मतदारांचा आकडा हाताशी असतो. नॉर्थ डकोटात तोही नाही. या राज्याने १९५१ मध्ये मतदार नोंदणीची पद्धतच बंद केली आणि देशात नोंदणीविना मतदान घेणारे ते आज एकमेव राज्य आहे. मतदार केंद्रावर जातो, राज्याचे किंवा आपल्या मूलनिवासी जमातीचे ओळखपत्र दाखवतो आणि मत देतो. १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यातून जी सहा राज्ये वगळली गेली, त्यांपैकी हे एक आहे.

येथे पहिला खड्डा आहे. राज्याकडे एक केंद्रीय मतदार नोंदवही असते आणि केंद्रांवरच्या याद्या तिच्यावरून निघतात, त्यामुळे नवखे अभ्यासक तिलाच ‘नोंदणीकृत मतदार’ समजून छेदस्थानी बसवतात. ती नोंद मुख्यतः पूर्वी मत दिलेल्यांची आहे. जो कधीच मतदानाला गेला नाही तो तिच्यात असण्याचे कारण नाही. म्हणजे ज्याला मोजायचे आहे तोच माणूस छेदातून गळतो आणि टक्केवारी फुगते. आपण हा मार्ग धरला नाही, हे चांगले झाले. राज्य सरकार निवडणुकीच्या निकालासोबत ‘पात्र मतदार’ म्हणून जो आकडा देते, तोही कोणत्या यादीतून आलेला नसून जनगणना खात्याच्या प्रौढ लोकसंख्येवर आधारलेला अंदाज असतो. नाव मोठे भारदस्त आहे, पण आत तुम्ही वापरलेलीच सामग्री आहे.

या विषयात तीन छेद वापरले जातात आणि त्यांची सरमिसळ करणे हा बहुतेक चुकांचा उगम आहे. पहिला मतदान-वयाची लोकसंख्या, म्हणजे १८ वर्षांवरील प्रत्येक रहिवासी, मग तो नागरिक असो वा नसो, तुरुंगात असो वा बाहेर. दुसरा मतदान-वयाचे नागरिक. तिसरा मतदानास खरोखर पात्र लोकसंख्या, जी मिळवण्यासाठी नागरिकांतून कायद्याने मताधिकार गमावलेल्यांना वजा करावे लागते आणि परदेशी असलेल्या पात्र मतदारांना मिळवावे लागते. मायकेल मॅकडॉनल्ड आणि सॅम्युएल पॉपकिन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिले की १९७२ नंतर अमेरिकेतील मतदान सतत घसरते आहे अशी जी समजूत रूढ होती, तिचे मोठे कारण छेदात होते. परदेशात जन्मलेले बिगरनागरिक आणि शिक्षा भोगणारे कैदी यांची संख्या वाढत गेली, छेद फुगत गेला, आणि मतदार निरुत्साही झाल्याचा भास झाला. देशपातळीवर जे घडले तेच आपल्या तक्त्यात काउंटीच्या पातळीवर घडले आहे.

राज्याच्या पातळीवर हिशेब करून पाहा. २०२० मध्ये नॉर्थ डकोटाची लोकसंख्या ७,७९,०९४ होती आणि तिच्यातील प्रौढ साधारण ५ लाख ९५ हजार. अध्यक्षपदासाठी ३,६१,८१९ मते पडली. म्हणजे सुमारे ६१ टक्के. आता बिगरनागरिक, कैदी वगैरे मिळून छेद समजा २५ हजारांनी कमी झाला, तर टक्केवारी साडेत्रेसष्टच्या आसपास जाते. अडीच अंकांचा फरक, एवढेच. परंतु हे पंचवीस हजार लोक ५३ काउंट्यांत सारखे वाटलेले नाहीत. ते चार-पाच जागी गोळा झालेले आहेत, आणि सगळा घोटाळा तेथे आहे.

काउंट्यांचे आकारमान नजरेसमोर ठेवल्यास मुद्दा लवकर पटेल. फार्गो शहर ज्या कॅस काउंटीत आहे तेथे १,८४,५२५ लोक राहतात. राजधानी बिस्मार्कच्या बर्ली काउंटीत ९८,४५८. या दोन आणि ग्रँड फोर्क्स व वॉर्ड या आणखी दोन मिळून राज्याची निम्म्याहून अधिक वस्ती संपते. दुसरीकडे ५३ पैकी ३० काउंट्यांत पाच हजारांहून कमी माणसे आहेत. नैर्ऋत्य कोपऱ्यातील स्लोप काउंटीत २०२० मध्ये ७०६ लोक होते आणि तिचे मुख्य ठिकाण असलेल्या एमिडॉन गावात २४. आपल्या तालुक्यातील एखाद्या वाडीएवढी ही काउंटी असते, आणि तिचा निकालही कॅसच्या शेजारी त्याच तक्त्यात, तितक्याच जाडीच्या ओळीत छापला जातो.

प्रौढांचे प्रमाणसुद्धा काउंटीगणिक किती बदलते, याचे एक उदाहरण देतो. सू काउंटी संपूर्णपणे स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशात येते. तेथे ३,८९८ लोक, आणि त्यांत एक तृतीयांशाहून अधिक मुले. मॅकिंटॉश काउंटीत २,५३० लोक, रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांची जुनी वस्ती, आणि मुले साधारण पाचांत एक. लोकसंख्येत १,३६८ चा फरक आहे. प्रौढ मोजायला गेलो तर तो पाचशेच्या आसपास उरतो. आपण १८ वर्षांवरील आकडा घेतला असल्यामुळे ही चूक आपल्याकडून झालेली नाही. परंतु ‘दर हजार लोकसंख्येमागे मते’ असे तक्ते वर्तमानपत्रांत अजूनही दिसतात, आणि त्यांत मुलांची संख्या मतदारांच्या माथी मारली जाते.

सू काउंटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०२० च्या जनगणनेनंतर जनगणना खात्याने स्वतःच केलेल्या तपासणीनुसार राखीव प्रदेशांतील मूलनिवासींची मोजणी देशभरात ५.६४ टक्क्यांनी कमी पडली होती. याचा अर्थ छेद खऱ्यापेक्षा लहान आहे आणि खरी टक्केवारी तुमच्या टक्केवारीपेक्षाही थोडी कमी असावी. मात्र जनगणनेतून निसटणाऱ्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असते, म्हणून ५.६४ टक्के जसेच्या तसे प्रौढांवर लावू नका. मी येथे छेद बदलत नाही, टीप देतो.

आता बिगरनागरिक. नॉर्थ डकोटाच्या बहुतांश काउंट्यांत हा प्रश्न नगण्य आहे. कॅसमध्ये तो नगण्य नाही. फार्गोत गेल्या काही दशकांत बोस्निया, सोमालिया, भूतान येथील निर्वासितांचे पुनर्वसन झाले आहे आणि नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थी आहेत, ज्यांत पुण्या-नागपूरकडून आलेली मराठी मुलेही भेटतात. मी स्वतः अशाच एका विद्यापीठाच्या गावी व्हिसावर राहत असताना जनगणनेचा अर्ज प्रामाणिकपणे भरला होता आणि त्यानंतरच्या निवडणुकीत त्या काउंटीच्या टक्केवारीत ‘मत न देणारा प्रौढ’ म्हणून विनाकारण जमा झालो होतो. माझ्यासारखी माणसे जितकी अधिक, तितके त्या काउंटीचे मतदान कागदावर मंद दिसणार.

हे बिगरनागरिक वजा कसे करायचे? जनगणनेतून ते कळत नाही, कारण २०२० च्या अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता. तो घालण्याचा सरकारचा प्रयत्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडला. त्यामुळे आपल्याला अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या नमुना पाहणीकडे वळावे लागते. तिच्या पाच वर्षांच्या एकत्रित आकड्यांवरून जनगणना खाते दरवर्षी मतदान-वयाच्या नागरिकांचा खास तक्ता काढते, आणि तो काउंटीपर्यंतच नव्हे तर त्याखालच्या लहान विभागांपर्यंतही मिळतो. नाव अगदी आपल्याला हवे तेच असल्यामुळे अनेक जण तो उचलतात आणि काम संपले असे मानतात. मोठ्या काउंटीसाठी ते चालते. स्लोपसाठी चालत नाही, आणि का चालत नाही हे येथे आकडे मांडून दाखवतो.

पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. समजा पाहणीने एका छोट्या काउंटीत ५५० प्रौढ नागरिक दाखवले आणि शेजारच्या स्तंभात त्रुटी-मर्यादा ८० दिली. हा शेजारचा स्तंभ लोक तक्ता उतरवतानाच गाळून टाकतात. त्याचा अर्थ असा की खरा आकडा ४७० ते ६३० यांच्या दरम्यान असेल, असे खाते नव्वद टक्के विश्वासाने सांगते आहे. त्या काउंटीत ४३० मते पडली असतील, तर मधला आकडा धरून मतदान ७८ टक्के निघते. खालचा धरला तर ९१ टक्के. वरचा धरला तर ६८ टक्के. एकाच काउंटीच्या एकाच निवडणुकीसाठी तेवीस अंकांचा पल्ला. यातील मधली संख्या दशांश चिन्हानंतर एक अंक देऊन छापणे आणि तिच्यावरून ती काउंटी राज्यात तिसरी की अकरावी हे ठरवणे, याला हिशेब म्हणता येत नाही.

त्या खास तक्त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला एकदा तरी फसवते. गोपनीयतेसाठी त्यातील आकडे पूर्णांकित केलेले असतात: एक ते सात यांच्या मधली कोणतीही संख्या ४ म्हणून दिली जाते आणि त्यापुढची पाचाच्या पटीत. त्यामुळे लहान विभागांच्या ओळीच्या ओळी ४, ४, ४ अशा दिसतात आणि त्यांची बेरीज करणाऱ्याला काउंटीच्या आकड्याशी कधीच मेळ साधता येत नाही. काउंटीचा आकडा काउंटीच्या ओळीवरूनच घ्या, खालून बेरीज करत वर येऊ नका.

मुख्य जनगणनासुद्धा पूर्वीसारखी एकेक माणूस जसाच्या तसा छापणारी राहिलेली नाही. २०२० मध्ये कोणाची व्यक्तिगत माहिती उलगडता येऊ नये म्हणून प्रसिद्ध आकड्यांत हेतुपुरस्सर थोडा गोंधळ मिसळण्यात आला. राज्याची एकूण लोकसंख्या मात्र न बदलता ठेवली. काउंटीच्या पातळीवर हा गोंधळ किरकोळ असतो, तरीही सातशे लोकांच्या काउंटीत १८ वर्षांवरील आकडा शेवटच्या अंकापर्यंत पवित्र मानण्याचे कारण नाही. पाहणीच्या त्रुटीच्या तुलनेत ही त्रुटी फारच लहान आहे, म्हणून पाया म्हणून मी अजूनही जनगणनाच घेतो.

आता तेलपट्टा. आपल्या क्रमवारीतील सर्वांत दिशाभूल करणारा भाग हाच आहे. पश्चिमेकडील मॅकेन्झी काउंटीत २०१० मध्ये ६,३६० लोक होते. २०२० मध्ये १४,७०४. त्या दशकात सबंध देशात याहून वेगाने वाढलेली काउंटी नाही. शेजारच्या विल्यम्समध्ये, म्हणजे विलिस्टनच्या काउंटीत, २२,३९८ चे ४०,९५० झाले. बाकेन खडकातील तेल काढण्याचे तंत्र साधल्यामुळे टेक्सास, ओक्लाहोमा, मोंटाना, आयडाहो येथून कामगार आले. घरे नव्हती, म्हणून ट्रेलर आणि तात्पुरत्या कामगार-छावण्यांत राहिले. एका पिढीपूर्वी ज्या राज्याची काळजी ‘माणसे निघून जात आहेत’ ही होती, आणि ज्याची २०१० ची लोकसंख्या १९३० च्या ६,८०,८४५ पेक्षाही कमी होती, तेच राज्य त्या दशकात वाढीच्या वेगात देशात चौथे आले.

या कामगारांपैकी पात्र मतदार किती? जनगणनेचा नियम सांगतो की माणूस जेथे बहुतेक काळ राहतो आणि झोपतो तेथे त्याला मोजा. राज्याचा मतदान कायदा सांगतो की त्या मतदान क्षेत्रात किमान ३० दिवसांचे वास्तव्य हवे आणि ओळखपत्र नॉर्थ डकोटाचे हवे. टेक्सासचा वाहन परवाना खिशात ठेवून, बायकामुले तिकडेच ठेवून, तीन आठवडे काम आणि एक आठवडा सुट्टी अशा पाळीने राहणारा माणूस विलिस्टनच्या छेदात येऊ शकतो, परंतु त्याचे मत, दिलेच तर, टपालाने टेक्सासला जाते. तो उदासीन नाही, तो दुसऱ्या काउंटीच्या अंशात आहे. अशा किती जणांना वजा करावे याचा नेमका आकडा कोणत्याही तक्त्यात नसतो.

त्याखेरीज तारखेचा मेळ पाहा. जनगणनेचा दिवस १ एप्रिल २०२० हा होता. त्याच महिन्यात, साथीच्या टाळेबंदीत, तेलाचा वायदा भाव शून्याखाली गेला, विहिरी खोदण्याचे काम थंडावले आणि बरेच कामगार गाशा गुंडाळून परतले. मतदान ३ नोव्हेंबरला झाले. एप्रिलच्या छेदाने नोव्हेंबरच्या अंशाला भागल्यावर विल्यम्स आणि मॅकेन्झी तळाशी गेल्या, यात नवल काय? आणि याच काउंट्यांचा २०१२ किंवा २०१६ चा हिशेब कोणी २०१० च्या जनगणनेवर केला, तर चूक नेमकी उलट दिशेने होते: छेद जुना व लहान, मते नव्या लोकांचीही, आणि टक्केवारी अवाजवी उंच. पाच वर्षांच्या पाहणीचा आकडा घ्याल तर तो त्या पाच वर्षांच्या मध्याच्या आसपासचे चित्र देतो. वाढत्या काउंटीत तो मागे राहतो आणि ओसरत्या काउंटीत पुढे. म्हणून जनगणनेच्या वर्षाखेरीज इतर वर्षांसाठी मी जनगणना खात्याचे वार्षिक काउंटी अंदाज घेतो, जे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांच्या नोंदींवरून केलेले असतात आणि वयानुसार मिळतात.

विद्यार्थी, सैनिक आणि कैदी या तीन समूहांविषयी थोडक्यात सांगतो. फार्गोतील विद्यापीठात नदीपलीकडच्या मिनेसोटातून येणाऱ्यांचा मोठा भरणा आहे. ते फार्गोत मोजले जातात, पण मत घरी देऊ शकतात. वॉर्ड काउंटीत मायनॉटजवळ हवाई दलाचा तळ आहे. तेथील सैनिक तेथे राहतात आणि अनेकांचे कायदेशीर निवासस्थान दुसऱ्याच राज्यात असते. हे दोन्ही गट कायद्याने पात्र आहेत, फक्त येथे की तेथे हे त्यांनी ठरवायचे असते, म्हणून मी त्यांना वजा करत नाही. त्या काउंट्यांपुढे खूण करतो. कैद्यांचे तसे नाही. नॉर्थ डकोटात गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगत तुरुंगात असेपर्यंत मताधिकार नसतो आणि सुटका होताच तो परत मिळतो. त्यामुळे राज्य तुरुंगातील शिक्षा झालेले प्रौढ वजा करायचे, परंतु स्थानिक कोठडीत खटल्याची वाट पाहणारे वजा करायचे नाहीत, कारण ते पात्र आहेत. राज्याच्या एकूण छेदात कैदी दिसणारही नाहीत. बर्लीत, जेथे राज्याचा मुख्य तुरुंग आहे, किंवा जेम्सटाउनच्या स्टट्समन काउंटीत, जिची सगळी वस्ती २१,५९३ आहे, काही शे कैदी टक्केवारी हलवू शकतात.

एक मुद्दा असा आहे की ज्यावर माझे काही सहकारी माझ्याशी सहमत नाहीत. नॉर्थ डकोटात ओळखपत्रावर राहत्या घराचा पत्ता असणे सक्तीचे आहे. राखीव प्रदेशांत अनेक घरांना रस्त्याचे नाव वा घरक्रमांक नसतो. टपालपेटीचा क्रमांक हाच त्यांचा पत्ता असतो. २०१३ मध्ये ओळखपत्र नसलेल्याला शपथेवर मत देऊ देणारी सोय काढून टाकण्यात आली, त्यावर खटले झाले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये, मतदान महिन्याभरावर आले असताना, सर्वोच्च न्यायालयाने पत्त्याच्या अटीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जमातींच्या कचेऱ्यांनी तेव्हा घरोघरचे पत्ते ठरवून दिले, रात्री उशिरापर्यंत ओळखपत्रे छापली आणि त्या निवडणुकीत स्टँडिंग रॉक व (रोलेट काउंटीतील) टर्टल माउंटन या राखीव प्रदेशांतील मतदान घटण्याऐवजी वाढले. पुढे २०२० मध्ये राज्य आणि जमाती यांच्यात तडजोड झाली. प्रश्न असा की ज्याच्याकडे तेव्हा पत्ता असलेले ओळखपत्र नव्हते, तो पात्र मतदार धरायचा का? काही जण म्हणतात की त्याला मत देता येत नव्हते, म्हणजे तो छेदात नको. मी त्याला छेदात ठेवतो. वय, नागरिकत्व आणि वास्तव्य या तिन्ही अटी तो पुऱ्या करतो. अडथळा कागदाचा आहे. अडथळ्यामुळे अडलेल्यांना छेदातून काढून टाकले तर सू किंवा रोलेट काउंटीची टक्केवारी छान दिसेल आणि नियमाचा परिणाम तक्त्यातून पुसला जाईल. ज्या तक्त्याने तो परिणाम दाखवायचा, त्याने तो लपवू नये.

तर आपण प्रत्यक्षात असे करावे. जनगणनेतील १८ वर्षांवरील आकडा पाया म्हणून कायम ठेवा. पाहणीतून मतदान-वयाच्या नागरिकांची संख्या थेट घेऊ नका. तिच्यातून फक्त प्रमाण घ्या, म्हणजे प्रौढांपैकी नागरिक किती टक्के, आणि ते प्रमाण पायाला लावा. मोठ्या सात-आठ काउंट्यांसाठी हे प्रमाण त्यांचे स्वतःचे असू द्या. उरलेल्यांसाठी शेजारच्या सारख्या काउंट्यांचे गट करा आणि गटाचे प्रमाण प्रत्येकीला लावा, कारण पाचशे-सहाशे प्रौढांच्या काउंटीत पाहणीला दोन बिगरनागरिक सापडले की एकही नाही, हा बराचसा नशिबाचा भाग असतो. त्यानंतर ज्या काउंट्यांत राज्य तुरुंग आहेत तेथील शिक्षा झालेले प्रौढ वजा करा. एवढ्याने आपला छेद राज्याच्या अधिकृत ‘पात्र मतदार’ आकड्यापेक्षा अधिक खरा होईल.

गट केल्याने त्रुटी किती आटोक्यात येते तेही पाहून ठेवा. वर घेतलेली ५५० वजा-अधिक ८० ची काल्पनिक काउंटी, तिच्या जोडीला १,५०० वजा-अधिक १२० आणि १,२०० वजा-अधिक ११० अशा आणखी दोन. बेरीज ३,२५०. त्रुटींची मात्र सरळ बेरीज करायची नसते. प्रत्येकीचा वर्ग करून, वर्गांची बेरीज करून, वर्गमूळ काढायचे असते, आणि ते सुमारे १८१ येते. एकटी असताना पहिल्या काउंटीची त्रुटी साडेचौदा टक्के होती, गटात ती साडेपाचच्या आसपास आली. हा अंदाजी नियम आहे, जितक्या अधिक काउंट्या मिसळाल तितका तो ढिला पडतो, तरी तक्ता वाचण्याजोगा करण्यास पुरेसा आहे.

क्रमवारीविषयी बोलायचे तर ५३ क्रमांक देणे सोडून द्या. तेलपट्टा, राखीव प्रदेश, लाल नदीच्या खोऱ्यातील शेती, वृद्धांच्या दक्षिण-मध्य काउंट्या आणि चार शहरी काउंट्या असे गट लावले, तर त्यांच्यातील फरक त्रुटीच्या पलीकडचे दिसतील. मॅकिंटॉशसारख्या काउंटीत मतदान उंच असते हे खरेच आहे. तेथे जवळजवळ तीन माणसांमागे एक जण पासष्टीच्या पुढचा आहे, आणि त्या वयाची, त्याच घरात वर्षानुवर्षे राहिलेली माणसे सगळीकडेच अधिक मतदान करतात. राखीव प्रदेशांतील कमी मतदानही छेद सुधारल्यावर नाहीसे होत नाही. तेलपट्ट्याचा तळाचा क्रमांक मात्र बराचसा छेदाचा खेळ आहे, आणि त्या दोन काउंट्यांवर आपण निष्कर्षात लिहिलेला ‘राजकीय उदासीनता’ हा शब्द मी असतो तर काढून टाकला असता.

अखेर स्तंभाच्या शीर्षकाचे. आपल्या सध्याच्या तक्त्यात ‘पात्र मतदार’ असे लिहिले आहे आणि खाली १८ वर्षांवरील रहिवासी आहेत. तेथे ‘मतदान-वयाची लोकसंख्या, १ एप्रिल २०२०’ असे लिहा. वरील दुरुस्त्या करून नवा स्तंभ तयार केलात की त्याला ‘अंदाजित पात्र मतदार’ म्हणा, आकडे जवळच्या दहापर्यंत पूर्ण करा, आणि स्लोप, बिलिंग्ज व शेरिडन या तीन काउंट्यांच्या टक्केवारीच्या जागी एकच संख्या न देता खालची आणि वरची अशा दोन संख्या छापा.